पुस्तकांची हिब्रू, पोरांची कोरकू

हिब्रू पुन्हा बोलती करायच्या ध्यासाने एलिएझर बेन-येहुदा 1881 साली जेरुसलेमला पोचले तेव्हा हिब्रूकडे काय नव्हतं? धर्मग्रंथ होते, त्यांच्यावरची शेकडो वर्षांची भाष्यं होती, व्याकरणं होती, कविता होती. पूर्व युरोपात तर हिब्रू नियतकालिकंही निघत होती. पोलंडमधल्या ज्यूला मोरोक्कोतल्या ज्यूशी पत्रव्यवहार करायचा झाला, तर दोघांनाही कळेल अशी भाषा हीच होती. नव्हतं ते एवढंच, की हिब्रूत हट्ट करणारं, हिब्रूत खोटं बोलणारं, झोपेत हिब्रूत बरळणारं पोर जगात कुठे नव्हतं. सुमारे सतराशे वर्षं ही भाषा वाचली गेली, लिहिली गेली, प्रार्थनेत म्हटली गेली. ती कोणाच्या घरची भाषा मात्र नव्हती.

याच्या बरोबर उलटी गोष्ट अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मेळघाटात आजही दिसते. तिथे कोरकूत हट्ट करणारी पोरं गावोगाव आहेत. त्यांच्या हातात द्यायला कोरकूतलं पुस्तक मात्र शोधावं लागतं. हिब्रूकडे ग्रंथालय होतं आणि अंगण नव्हतं. कोरकूकडे अंगण आहे आणि दप्तरात तिची जागा नाही. भाषा कशी टिकते या प्रश्नावर महाराष्ट्रात गेली दोन-तीन वर्षं भरपूर बोललं जात आहे. त्या बोलण्यात या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर पैसा आणि कष्ट नेमके कुठे घालायला हवेत ते स्पष्ट दिसतं: तीन ते आठ वर्षांच्या मुलांवर, आणि ती घरून जी भाषा घेऊन येतात त्या भाषेवर.

आधी हिब्रूचं पाहू. बेन-येहुदांना 1882 साली मुलगा झाला. बेन-त्सिऑन त्याचं नाव. पुढे तो इतामार बेन-आवी या नावाने पत्रकार म्हणून ओळखला गेला. या मुलाच्या कानावर हिब्रूशिवाय दुसरा शब्द पडता कामा नये, असा वडिलांचा दंडक होता. इतर भाषा बोलणारे पाहुणे आले की मुलाला लांब ठेवलं जाई. त्याची आई देव्होरा हिला हिब्रू नवीनच शिकावी लागली होती. एकदा ती मुलाला रशियन गाणं म्हणताना सापडली आणि वडिलांनी घर डोक्यावर घेतलं, ही आठवण इतामारने पुढे स्वतःच सांगितली आहे. पोरगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. शेजारीपाजारी म्हणू लागले, या हट्टापायी पोर मुकं राहणार. तो बोलू लागला तो उशिरा, पण बोलला हिब्रूत. त्याच्याशी त्याच भाषेत खेळेल असा सवंगडी मात्र गल्लीत नव्हता. पहिली काही वर्षं त्याची मातृभाषा म्हणजे तीन-चार माणसांचा मामला होता.

शब्दांचीही अडचण होती. यज्ञविधीसाठी शब्द होते, बाहुलीसाठी नव्हता. शब्दकोशाला स्वतःचा सुटसुटीत शब्द नव्हता, टॉवेलला नव्हता, आईसक्रीमला तर असण्याचा प्रश्नच नव्हता. बेन-येहुदा हे शब्द जुन्या धातूंवरून घडवत गेले. सायकलसाठीचा शब्द तर इतामारनेच काढला असं सांगतात. घरात मूल होतं म्हणून या शब्दांची गरज उभी राहिली, हे लक्षात घ्यायला हवं. विद्वानांच्या सभेला बाहुलीची आठवण क्वचितच होते.

तरीही एका घराने भाषा उभी राहत नाही. बेन-येहुदांची कथा इतकी रंगतदार आहे की खरं काम करणारी माणसं तिच्या आड झाकली जातात. रिशोन लेत्सिऑन या शेतकरी वसाहतीत 1886 साली हिब्रूतून शिकवणारी शाळा निघाली. त्याच गावात 1898 साली हिब्रू बालवाडी सुरू झाली. 1903 साली शिक्षकांनी आपली संघटना बांधली. हायफाला तंत्रशिक्षणाची मोठी संस्था उभी राहत होती आणि तिथली शिकवण्याची भाषा जर्मन असावी असा चालकांचा विचार होता. 1913 साली शिक्षक आणि विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि हिब्रूने ती लढाई जिंकली. नोव्हेंबर 1922 मध्ये ब्रिटिश प्रशासनाने इंग्रजी आणि अरबीच्या बरोबरीने हिब्रूला अधिकृत भाषा केलं. पुढच्याच महिन्यात बेन-येहुदा वारले. सरकारी मान्यतेच्या आधी तब्बल 36 वर्षं शाळा चालू होती. बालवाडीतल्या तरुण बाया गाणी म्हणत होत्या, मुलं ती गाणी घरी नेत होती आणि घरातल्या यिडिश, रशियन, लादिनो, अरबी बोलणाऱ्या आया पोरांकडून हिब्रू उचलत होत्या. आईची भाषा आईला मुलं शिकवतात, हा इस्रायलमधला जुना विनोद त्यातूनच आला.

आता मेळघाट. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याचे डोंगर, 1974 पासून व्याघ्र प्रकल्प. वर्तमानपत्रांत मेळघाट येतो तो बहुतेक वेळा वाघासाठी नाहीतर कुपोषणासाठी. तिथल्या भाषेविषयी मात्र फारसं छापून येत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाली, मुंडारी, हो या तिच्या बहिणी झारखंड-ओडिशाच्या बाजूला, शेकडो किलोमीटर पूर्वेला. या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा म्हणजे कोरकू. 2011 च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे 7,27,133 लोक होते. त्यातले बरेच मध्य प्रदेशात आणि उरलेले मुख्यतः मेळघाटात. कोरकूत एकवचन, द्विवचन आणि बहुवचन अशी तिन्ही वचनं आहेत. अमरावतीच्या शाळेत आठवीतली पोरं संस्कृतच्या तासाला जे द्विवचन घोकतात, ते मेळघाटातलं पाच वर्षांचं पोर गोट्या खेळताना सहज वापरतं.

या भाषेचा अभ्यास झालेला नाही, असंही नाही. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, काम करणाऱ्या जॉन ड्रेक या मिशनऱ्याने 1903 साली कोरकूचं व्याकरण छापलं. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात तिची नोंद आहे. नॉर्मन झाइड या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर प्रबंध लिहिला. के. एस. नागराज यांचं व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह असलेलं पुस्तक 1999 साली निघालं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपासून जग कोरकूविषयी लिहीत आलं आहे. हे सगळं लिखाण इंग्रजीत आणि भाषाशास्त्रज्ञांसाठी. ज्या पोराची ही भाषा, त्याला पहिल्या दिवशी शाळेत हातात मिळतं ते मराठीचं पुस्तक.

मराठी त्याच्यासाठी दुसरीही नव्हे, अनेकदा तिसरी भाषा असते. घरी कोरकू. धारणीच्या बाजारात, बऱ्हाणपूर-खंडव्याकडून येणाऱ्या व्यापाऱ्याशी हिंदी. आणि शाळेत मराठी, तीही अकोट-दर्यापूरकडच्या गुरुजींच्या तोंडची नव्हे तर पुस्तकातली. सहा वर्षांचं मूल अशा वर्गात गप्प बसतं. गप्प बसलेल्या मुलाला ‘कच्चा’ म्हणून बाजूला काढणं सोपं असतं. त्याला गणित येत नाही की गणिताचा प्रश्नच कळला नाही, हे तपासायला गुरुजींकडे त्याची भाषा नसते. पहिली-दुसरीची दोन वर्षं अशी वाहून गेली की पुढे गळती का होते, याच्या अहवालांसाठी वेगळा कागद खर्ची घालण्याची गरज उरत नाही.

हा प्रश्न डोंगरावरच राहिलेला नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा यांसारखी गावं उठवून अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हारा परिसरात वसवली गेली. जमीन, पाणी, मोबदला यांवरून झालेले संघर्ष बातम्यांत आले. काही कुटुंबं रागाने जंगलात परतली आणि वनविभागाशी चकमकीही झाल्या. भाषेचं काय झालं, हे कोणी फारसं विचारलं नाही. गाव डोंगरात होतं तेव्हा सगळ्या बाजूंनी कोरकूच होती. सपाटीवर आल्यावर दुकान, दवाखाना, शाळा, शेतमजुरी सगळं वऱ्हाडीत आणि मराठीत. अशा जागी भाषा एका पिढीत घरापुरती उरते आणि दुसऱ्या पिढीत आजीपुरती. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली भाषेची अवस्था पाहिली तर पुढचा टप्पा दिसतो. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात न बसणारी ही भाषा बोलणारे आता दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत.

2025 साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्र पेटला. लहान मुलावर परकी भाषा लादू नका, त्याला आधी मातृभाषेत स्थिर होऊ द्या, हे शिक्षणतज्ज्ञ सांगत होते आणि ते बरोबरच होतं. 29 जून 2025 रोजी सरकारने त्याविषयीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. पण त्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की महाराष्ट्रातल्या मुलाची मातृभाषा मराठीच असते. हाच युक्तिवाद धारणीच्या शाळेच्या दारात उभं राहून केला, तर तो मराठीच्या बाजूने पडत नाही. हिंदीविरुद्ध जे बोललं गेलं ते मनापासून बोललं गेलं असेल, तर कोरकू मुलासाठी तेच बोलावं लागेल.

यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि तो कोरकू पालकांकडूनही येतो: कोरकूत शिकून पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. मोबाइल, फॉर्म, बँक, पोलीस ठाणं, नोकरी सगळं मराठी-हिंदी-इंग्रजीत चालतं. आदिवासी विकास विभाग मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो आणि अनेक आईबाप त्यासाठी धडपडतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मागणी कोरकू माध्यमाचं कॉलेज काढा अशी नाही. पहिली दोन-तीन वर्षं कोरकूतून वाचायला शिकवा आणि तिच्यावरून मराठीत न्या, एवढीच ती आहे. मूल वाचायला एकदाच शिकतं. कळणाऱ्या भाषेत शिकलं की तेच कौशल्य दुसऱ्या भाषेत नेता येतं. न कळणाऱ्या भाषेत शिकवलं तर ते अक्षरं ओळखतं आणि अर्थाशी येऊन अडतं.

हे स्वप्नरंजनही नाही. ओडिशाने 2006 पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात सोरा, जुआंग, मुंडा या कोरकूच्या बहिणी होत्या. संथालीची वाट तर आणखी पुढे गेली. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 च्या सुमारास तिच्यासाठी ओल चिकी लिपी तयार केली, 2003 च्या घटनादुरुस्तीने संथाली आठव्या अनुसूचीत आली आणि आज तिच्यात शाळा, वर्तमानपत्रं आणि साहित्य अकादमीचे पुरस्कार आहेत. संथाली बोलणारे कोरकूच्या दहापट आहेत, हे खरं. पण आधी बालवाडी आणि मग मानसन्मान हा हिब्रूचा क्रम छोट्या भाषेलाही लागू होतो. भारतीय राज्यघटनेच्या 350 अ या कलमानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आहे, आणि हे कलम 1956 पासून आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचाच आग्रह धरला. कायदा आणि धोरण दोन्ही आहेत; धारणी-चिखलदऱ्याच्या वर्गात ती उतरायची आहेत.

हिब्रूची गोष्ट सांगताना एक भाग बहुतेक वेळा गाळला जातो, तो इथे गाळून चालणार नाही. 1923 साली तेल अवीवमध्ये शाळकरी मुलांनी भाषारक्षकांची तुकडी काढली. यिडिश बोलणाऱ्यांना रस्त्यात हटकायचं, सभा उधळायच्या, पाट्या काढायला लावायच्या हे तिचं काम. 1930 मध्ये यिडिश चित्रपट दाखवला म्हणून मोगराबी थिएटरमध्ये दंगा झाला. हिब्रू उभी राहिली, पण त्याच घरांतल्या यिडिश, लादिनो, ज्यूंची अरबी या भाषा पुढच्या पिढीत आटल्या. या यादीत मराठीही आहे. कोकणातले बेने इस्रायल ज्यू, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, ते 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. लोद, दिमोना, अश्दोद अशा शहरांत त्यांनी मराठी सण-समारंभ जपले, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. नातवंडं मात्र हिब्रूतच वाढली. एक भाषा जगवायला दुसरीला लाजवलंच पाहिजे असा नियम नाही. तिथे तसं घडलं इतकंच. मेळघाटात कोरकूचा पुरस्कार करताना मराठीला शत्रू करण्याची गरज नाही, आणि मराठीचा झेंडा घेताना कोरकूला गप्प करण्याचीही नाही.

हे लाजवणं वऱ्हाडाला चांगलं ठाऊक आहे, कारण वऱ्हाड ते स्वतःवर रोज करून घेतो. अकोल्याच्या जठारपेठेत किंवा अमरावतीच्या राजापेठेत एखादं पोट्टं ‘माय, मले भूक लागली’ म्हणालं, की सुशिक्षित आई लगेच दुरुस्त करते: ‘मला म्हण, मले नाही.’ बाप फोनवर गावी बोलताना ‘काहून आला नाही बे’ म्हणतो आणि फोन ठेवला की पुण्याची मराठी बोलतो. गाडगेबाबांची कीर्तनं याच बोलीत रंगली. समोरच्याला प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत त्यांनी जत्राच्या जत्रा जाग्या केल्या. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने 1960 साली ही बोली मराठी कादंबरीत ताठ मानेने बसवली. तरी वर्गात तिला अजून ‘अशुद्ध’ हा शेरा मिळतो.

इथेच मेळघाटाचा धागा जुळतो. धारणीच्या शाळेत शिकवणारे बरेच गुरुजी वऱ्हाडातलेच. ज्या माणसाला स्वतःची ‘मले-तुले’ शिक्षण घेताना गिळावी लागली, त्याला कोरकू पोराचं बोलणं हे आणखी एक अशुद्धच वाटणार. उलट, स्वतःच्या बोलीचा संकोच नसलेला शिक्षक मुलाची भाषा ऐकून घेईल, चार शब्द शिकून घेईल, पोरांकडून दुरुस्त्याही करून घेईल. शिक्षक-प्रशिक्षणात वऱ्हाडीला मान मिळाला तर त्याचा पहिला फायदा कोरकूला होईल.

प्रमाणशुद्धतेची भीती बाळगणाऱ्यांनी हिब्रूकडे आणखी एकदा पाहावं. इस्रायलमध्ये 1953 पासून हिब्रू भाषा अकादमी आहे. संख्यावाचकांचं लिंग नामाप्रमाणे असावं असा व्याकरणाचा नियम आहे. शेकेल हे नाणं पुल्लिंगी. तरी बाजारात पोरंटोरं आणि दुकानदार सर्रास स्त्रीलिंगी आकड्याने दहा शेकेल मोजतात. अकादमी दुरुस्ती सांगते, मुलं ऐकून घेतात आणि पुन्हा तसंच बोलतात. गिलाद झुकरमान यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ तर म्हणतात की आजची ही भाषा जुनी हिब्रू नव्हेच, यिडिशशी झालेल्या संकराचं ते अपत्य आहे. वाद चालू आहे. पण ती नव्वद लाखांवर माणसांच्या देशाची भाषा झाली ती पोरांनी मोडून-वाकवून वापरली म्हणूनच. कोरकू पोरं हिंदी-मराठी शब्द मिसळून बोलतील, त्यांच्या पुस्तकांतही ते शब्द येतील. त्याने बिघडत काही नाही.

वऱ्हाडाला हा सगळा वाद नवा नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभावांनी तो घातला आणि निकालातही काढला. म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं काम केलं ते इथे. केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. संस्कृत झालं तर आपल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची हरकत होती. कुठल्या भाषेत लिहायचं, याचा निर्णय त्यांनी विद्वानाला विचारून केला नाही. जिला दुसरी भाषा येत नाही त्या बाईचा विचार करून केला. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे आणि ऑक्टोबर 2024 पासून मराठी अभिजात भाषा आहे. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या. नागदेवाचार्यांची कसोटी लावायची तर या विद्यापीठाला विचारता येईल: शंभर किलोमीटरच्या आसपास, डोंगरावर, जिला मराठी येत नाही अशा कोरकू आजीच्या नातवासाठी इथे काय चाललं आहे?

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं फार थोडं महागडं आहे. मेळघाटातल्या अंगणवाडी सेविका आणि आशा ताई बहुतांशी गावातल्याच, कोरकू बोलणाऱ्या. हिब्रूच्या बालवाडीतल्या बायांचं काम त्या आजही करू शकतात. त्यांना मराठी बडबडगीतांच्या तक्त्यांऐवजी कोरकू गाण्यांचे, गोष्टींचे तक्ते द्यायला हवेत. पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात कोरकू बोलणारा एक तरी शिक्षक किंवा मदतनीस हवा. मेळघाट अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या भरतीत उमेदवार आदिवासी आहे एवढंच न पाहता त्याला मुलांची भाषा येते का, हेही पाहायला हवं. पुस्तकं देवनागरीत छापता येतील; नव्या लिपीचा वाद आत्ता उभा करण्याचं कारण नाही. गावातल्या जाणत्या बायाबापड्यांकडून गोष्टी गोळा करण्याचं काम धारणीचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, अमरावतीचं संत गाडगे बाबा विद्यापीठ आणि रिद्धपूरचं विद्यापीठ मिळून एका वर्षात करू शकतील. अकोट-तेल्हाऱ्यातल्या पुनर्वसित गावांच्या शाळा या योजनेतून सुटता कामा नयेत, कारण तिथे वेळ सर्वांत कमी आहे. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. त्या वेळी पहिलीच्या बाकांवर कोरकू पुस्तक असायला हवं असेल, तर अमरावती जिल्हा परिषदेने मार्चच्या अंदाजपत्रकात त्याच्या छपाईची तरतूद करावी आणि अकोला जिल्हा परिषदेने आपल्या गावांसाठीच्या प्रती त्याच वेळी नोंदवाव्यात.